बाजारभावाचे चार्ट करून देणारा डेव्हलपर हवाय, पण पारखायचा कसा?

चाळकरी
सोमवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. विषय तांत्रिक आहे आणि विचारणारा अ‍ॅग्रीवाला आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

चांदवड-निफाड पट्ट्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद बहुतेक कांदेवाले. उन्हाळ कांदा चाळीत (साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये) भरला की पुढचे काही महिने घरोघरी एकच हिशेब चालू असतो, आता काढायचा की थांबायचं? त्यासाठी आम्ही लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, चांदवड, उमराणे, येवला आणि मनमाड इथले रोजचे आकडे गोळा करतो. आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. सध्या हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर म्हणून जातं. सभासदांची मागणी साधी आहे. मोबाइलवर एक पान उघडावं, त्यात आजचा दर, गेल्या वर्षी याच आठवड्यात काय होता ते, आणि आवक चढतेय की उतरतेय ते दिसावं.

मागच्या हंगामात एका एजन्सीकडून डॅशबोर्ड करून घेतला होता. दिसायला झकास. गडद निळी पार्श्वभूमी, आकडे गरगर फिरत वर चढतात, आणि मधोमध सात बाजारांच्या दरांचा थ्रीडी पाय चार्ट (गोल कापून वाटे पाडलेला). म्हणजे लासलगावचा दर हा 'एकूण दराच्या' १४ टक्के! आमचे एक संचालक चष्मा सावरत म्हणाले, "बाकीचे ८६ टक्के कोणी खाल्ले?" पुढे ते पान कुणी उघडलं नाही.

आता मंडळानं दीड लाख मंजूर केलेत, वर दरसालची देखभाल वेगळी. अर्जही ढिगानं आलेत. प्रत्येकाच्या बायोडेटात सॉफ्टवेअरची तीच नावं: डी३, पॉवर बीआय, टॅब्लो, पायथन, रिअ‍ॅक्ट. सगळे एका छापाचे. यातून चार्ट खरंच कळणारा माणूस कसा ओळखू?


खवचट खंडू
सोमवार, रात्री ९:२६

एक्सेल उघडा, सगळं सिलेक्ट करा, इन्सर्ट, लाइन चार्ट. दीड लाखात मंडळाला पार्टी द्या.

(हलके घ्या.)


विदाविलासी
सोमवार, रात्री १०:४०

खंडूशेठ चेष्टेत बोलले, पण पहिली चाळणी तीच लावा. "हे एक्सेलमध्ये किंवा डेटारॅपरसारख्या तयार साधनात भागेल का?" असं उमेदवाराला विचारा. जो ताडकन 'नाही' म्हणेल तो तुमचं काम न बघताच बोलतोय. जो म्हणेल "आधी आकडे दाखवा", त्याला चहा पाजा.

मी गेली बरीच वर्षं पुण्यात हेच काम करतो आणि अधूनमधून माणसंही निवडतो. लायब्ररीचं, म्हणजे चार्ट काढायच्या तयार कोडसंचाचं, नाव विचारून काही कळत नाही. डी३ २०११ पासून आहे, त्याची हजारो उदाहरणं नेटवर पडलीत. त्यातलं एक उचलून रंग बदलणं म्हणजे चार्ट करता येणं नव्हे. उमेदवाराला तुमच्याच आकड्यांची एक फाइल द्या, न धुतलेली, जशी आहे तशी. मग तो काय काढून आणतो यापेक्षा काढायला बसण्याआधी काय विचारतो ते बघा.

कांद्याच्या फाइलमध्ये काय काय दडलेलं असतं ते सांगतो, म्हणजे कुठे लक्ष ठेवायचं ते कळेल.

लिलाव रोज होत नाहीत. अमावास्येला बाजार बंद ठेवायची जुनी चाल, शनिवार-रविवार, सण, कधी माथाडींचं आंदोलन, कधी व्यापाऱ्यांचा बंद. सप्टेंबर २०२३मध्ये निर्यातशुल्काच्या विरोधात नाशिक जिल्ह्यातले लिलाव बरेच दिवस ठप्प होते. त्या दिवसांच्या रकान्यात कुणी रिकामं सोडतं, कुणी ० भरतं. कच्चा डेव्हलपर ते ० तसंच चार्टात ओततो आणि दर जमिनीवर आपटल्यासारखा दिसतो. त्याहून थोडा बरा असेल तो मोकळी जागा सरळ रेषेनं जोडून टाकतो. हे जास्त धोक्याचं, कारण बघणाऱ्याला वाटतं की मधले दिवस बाजार चालू होता आणि दर हळूहळू सरकला. जाणता माणूस रेघ तिथे तोडतो आणि तुम्हाला फोन करून विचारतो, "हे ० म्हणजे बंद, की आकडा मिळालाच नाही?"

मग वाण. मार्च-एप्रिलमध्ये लाल आणि उन्हाळ दोन्ही बाजारात असतात, एकाच तारखेला एकाच बाजाराच्या दोन ओळी येतात. त्यांची सरासरी काढली तर जो दर तयार होतो तो कुठल्याच कांद्याला मिळालेला नसतो.

एककं बघा. राज्याच्या पणन मंडळाच्या पानावर आवक क्विंटलमध्ये, अ‍ॅगमार्कनेटच्या (केंद्राचं बाजारभावाचं संकेतस्थळ) अहवालात आवक टनात आणि दर मात्र क्विंटलला. दोन्हीकडून आकडे घेऊन एकत्र जोडले की आवक दहापट घसरलेली दिसते, आणि मग त्यावर कुणीतरी भाषण ठोकतं.

आणि सरासरी. समजा लासलगावला २०,००० क्विंटल आवक, दर १,५००. एका छोट्या बाजारात ४०० क्विंटल, दर २,३००. दोन दरांची सरळ सरासरी १,९००. आवकेचं वजन धरून काढली तर साधारण १,५१६. तुमच्या पानावर "जिल्ह्याचा सरासरी दर" म्हणून १,९०० झळकला की सभासद ट्रॉली भरून निघेल आणि घरी येऊन तुम्हाला शोधेल.

यातल्या दोन गोष्टी जरी उमेदवारानं स्वतःहून विचारल्या, तरी पुढची बोलणी करा.


चाळकरी
सोमवार, रात्री ११:०५

विदाविलासी, तुम्ही आमची फाइल बघितलीय की काय? उमराण्याच्या रकान्यात बंदच्या दिवशी '-' आहे, मनमाडच्या ०, आणि येवल्याला आमचा मुलगा आदल्या दिवशीचाच दर खाली ओढून टाकायचा. हे मी आजवर 'फाइल नीट नाही' एवढंच समजत होतो. निवडीसाठी उपयोगी पडेल असं डोक्यातही आलं नव्हतं.


बांधावरून
मंगळवार, सकाळी ६:५०

मी विंचूरला माल नेतो, कॉम्प्युटरमधलं कळत नाही. पण ज्याच्यासाठी चाललंय तो मी आहे म्हणून बोलतो.

मला सर्वसाधारण दराची एक रेघ दाखवू नका. सर्वसाधारण १,८०० छापून येतो आणि माझी ट्रॉली १,३५० ला जाते. कमी आणि जास्त यातलं अंतर दाखवा. ज्या दिवसांत अंतर मोठं असतं त्या दिवसांत निवडून, प्रतवारी करून माल नेला तर दोन पैसे सुटतात. अंतर बारीक असेल तर कशाला मजुरी घालायची? गोल्टी (बारीक कांदा) वेगळी धरा, नाहीतर कमीत कमी दर तिच्यामुळेच खाली दिसतो.

आणि दुपारी उन्हात मार्केटच्या आवारात उभं राहून मोबाइलवर दिसलं पाहिजे. ते निळ्यावर निळं काही दिसत नाही.


विदाविलासी
मंगळवार, सकाळी ९:१०

बांधावरून दादा, मीटिंगांवर मीटिंगा होऊनही असा मजकूर हाती लागत नाही.

चाळकरी, हे जसंच्या तसं कामाच्या कागदात घाला. तांत्रिक भाषेत सांगायचं तर कमी ते जास्त असा फिकट पट्टा आणि त्यातून जाणारी सर्वसाधारण दराची ठळक रेघ. पांढरी पार्श्वभूमी, गडद रेघा. मुलाखतीत उमेदवाराला दादांचा प्रतिसाद वाचायला द्या आणि हातात कोरा कागद-पेन्सिल. "यावरून काय काढशील?" लॅपटॉप उघडू देऊ नका. दहा मिनिटांत माणूस कळतो.


तिरपी रेघ
मंगळवार, सकाळी ११:३२

मी या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते. कोल्हापुरातून फ्रीलान्सिंग करते, कामाचा मोठा भाग चार्ट आणि नकाशे. म्हणून थोडं उमेदवारांच्या वतीनं.

न धुतलेली फाइल द्यायची कल्पना उत्तम, पण फुकट करून मागू नका. 'टेस्ट' म्हणून अख्खा डॅशबोर्ड करून घेणारे आणि मग फोन न उचलणारे इतके भेटतात, की बरी माणसं 'टेस्ट' शब्द वाचूनच पुढे जातात. चार-पाच तासांचं काम ठरवा, त्याचे पैसे द्या, तिघांनाच द्या. दीड लाखाच्या कामात तेवढा खर्च अंगावर येत नाही.

लायब्ररीबद्दल विदाविलासींशी अर्धीच सहमत. नाव महत्त्वाचं नाही हे खरं, पण "हीच का?" हा प्रश्न जरूर विचारा. तुमच्या कामाला डी३ लागेलच असं नाही. रेघ, पट्टा, स्तंभ एवढंच हवं असेल तर चार्ट.जेएस किंवा ई-चार्ट्समध्ये निम्म्या वेळात होतं. डी३ मध्ये अक्षापासून सगळं हातानं रचावं लागतं, त्यामुळे मोकळीक खूप, पण उद्या तो माणूस सोडून गेला तर दुसरा पहिले काही दिवस नुसता डोकं खाजवेल. साध्या चार्टसाठीही डी३चाच हट्ट धरणारा उमेदवार तुमच्या पैशात शिकतोय.

दुसरा प्रश्न मोबाइलचा. सात बाजार, वर्षाला फार तर ३०० लिलावाचे दिवस, दहा वर्षं धरली तर २१,००० ओळी. प्रत्येक ओळीसाठी एसव्हीजीत (यात प्रत्येक आकार ब्राउझरला वेगळा सांभाळावा लागतो) एक ठिपका काढला तर स्वस्तातला फोन रडायला लागतो. कॅनव्हासवर, म्हणजे सगळं एकाच चित्रात रंगवून, काढलं तर निभतं. पण खरा मुद्दा वेगळाच आहे, जेमतेम ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर दहा वर्षांचे रोजचे दर दिसणार कसे? आठवड्याची आकडेवारी करून दाखवायची, आणि बोट ठेवलं की रोजची. उमेदवारानं हे सुचवलं तर समजा की त्यानं काम हातातल्या फोनवर बघितलंय, नुसतं ऑफिसच्या मोठ्या मॉनिटरवर नाही.

पॉवर बीआयवाल्यांना एक आवर्जून विचारा: सभासदांपर्यंत पोचवणार कसं? 'पब्लिश टू वेब' केलं की ती माहिती जगाला खुली होते. बाजारभाव खुले असले तर हरकत नाही. पण त्याच फायलीत सभासदांची नावं, फोन नंबर, चाळीतला साठा असेल तर तो घोळ निस्तरता निस्तरणार नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे मागे.


खवचट खंडू
मंगळवार, दुपारी १२:०३

एवढं सगळं करण्यापेक्षा नाशकातल्या इंजिनिअरिंगच्या चार पोरांना फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून द्या की. पोरं हुशार असतात. सर्टिफिकेट द्या, वडापाव द्या.


खडूफळा
मंगळवार, दुपारी १:१५

खंडू, मी अशाच एका कॉलेजात शिकवतो. पोरं हुशार असतात यात वाद नाही. पण प्रोजेक्ट मेमध्ये सबमिट होतं, जूनमध्ये पोरगं बंगळूर नाहीतर हिंजवडीला, आणि जुलैत अ‍ॅगमार्कनेटच्या पानाची मांडणी बदलली की यांच्या पानावर कोरा चौकोन. मग फोन कुणाला करायचा? मला करतात! मी करत बसतो दुरुस्त्या.

विद्यार्थ्यांना काम द्यायचंच असेल तर जुन्या फायली साफ करायचं द्या. बंद दिवसांची नोंद, वाण वेगळे काढणं, एककं जुळवणं. त्यांना खरा डेटा कसा असतो ते कळेल आणि तुमच्या डेव्हलपरचे तास वाचतील. चाळकरींना हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


डब्लिनकर
मंगळवार, दुपारी ३:४८

वाचनखूण साठवली. माझ्या ऑफिसात मी मुलाखती घेतो (विषय वेगळा, विम्याचा), त्यातला एक प्रश्न देतो. पोर्टफोलिओतला सगळ्यात देखणा चार्ट उघडायला लावतो आणि विचारतो, "याच्या आधी काय काढलं होतं आणि ते का टाकून दिलं?" ज्यानं खरंच केलंय त्याच्याकडे टाकलेल्या आवृत्त्यांची रांग असते. तो खुलतो, बोलायला लागला की थांबत नाही. ज्यानं टेम्प्लेट भरलंय तो म्हणतो क्लायंटला तसंच हवं होतं.

आणखी एक, स्तंभांचा अक्ष शून्यापासून नसेल तर का नाही ते विचारा. स्तंभात उंचीच वाचली जाते, त्यामुळे तिथे शून्य लागतंच. रेघेला तशी सक्ती नाही, दराच्या चार्टात १,००० पासून सुरू केलं तरी चालतं, फक्त अक्षावर ठसठशीत दिसायला हवं. हा फरक ज्याला कारणासकट सांगता येतो त्यानं थोडंफार वाचलेलं असतं. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्येच प्रयोगानं दाखवलं होतं की माणसाला कोन आणि क्षेत्रफळापेक्षा एका रेषेवरची जागा आणि लांबी जास्त अचूक वाचता येते. तुमच्या त्या थ्रीडी पायवर यापेक्षा जास्त बोलत नाही.

लाल-हिरवा टाळा. वाढ हिरवी आणि घट लाल, हे सगळे करतात. पण पुरुषांमध्ये हा फरक न कळणारे बऱ्यापैकी असतात आणि तुमचे सभासद बहुतेक पुरुषच असतील. निळा-नारिंगी घ्या, किंवा सोबत बाण दाखवा.


हिशेबनीस
मंगळवार, रात्री ८:२०

सांगलीचा सीए. चार्टातलं ओ की ठो कळत नाही, पण दीड लाख म्हटल्यावर राहवेना.

करार लेखी करा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्याला करार म्हणत नाहीत. आणि त्यात कॉपीराइटचं कलम घालाच. लोकांना वाटतं पैसे दिले म्हणजे कोड आपला. तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पगारी नोकरानं नोकरीत केलेलं काम मालकाचं होतं. बाहेरच्या फ्रीलान्सरनं केलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक सहसा तोच राहतो, लेखी हस्तांतर केल्याशिवाय. बरं, हस्तांतरात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. तेव्हा 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द विसरू नका. वकिलाकडून वाचून घ्या, दोन पानांचं काम आहे.

लायब्ररीचे परवानेही तपासा. चार्ट.जेएस, डी३, ई-चार्ट्स, नकाशासाठी लीफलेट हे सगळं मुक्त परवान्यातलं, पैसे नाहीत. (भाच्याला विचारून लिहितोय, तो यात आहे.) हायचार्ट्स नॉर्वेतल्या कंपनीचं, उत्तम आहे म्हणे, पण व्यावसायिक वापराला परवाना विकत घ्यावा लागतो. 'आम्ही शेतकऱ्यांची संस्था' म्हणून सुटता येईल असं धरून चालू नका, उत्पादक कंपनी ही कंपनीच आहे. डेव्हलपर म्हणाला माझ्याकडे परवाना आहे, तर तो त्याचा की तुमचा, हे कागदावर घ्या.

हप्ते असे पाडा की शेवटचा मोठा राहील. टीडीएस कापायला विसरू नका, दर कामाच्या स्वरूपावर ठरतो, तुमच्या सीएला बिल दाखवा. डोमेन, होस्टिंग, कोडची रिपॉझिटरी (कोड साठवायची जागा) पहिल्या दिवसापासून कंपनीच्या खात्यात; डेव्हलपरला आत घ्यायचं, त्याच्या खात्यात आपण जायचं नाही.


तिरपी रेघ
मंगळवार, रात्री ८:४४

हिशेबनीस काका, सगळं पटलं, फक्त 'शेवटचा मोठा' सोडून. अहो, आमचंही घर चालतं. तीस टक्के आगाऊ, चाळीस चालती आवृत्ती दाखवल्यावर, तीस हस्तांतरावर. आणि कॉपीराइटचं हस्तांतर पूर्ण पैसे मिळाल्यावर लागू होईल असं लिहा, म्हणजे दोघंही निवांत.


हिशेबनीस
मंगळवार, रात्री ९:०२

ठीक आहे ताई, मान्य. चाळीस-तीसमध्ये फार फरक नाही. पण हस्तांतराच्या आधी सभासदांच्या फोनवर तपासणी झाली पाहिजे हे कलम राहू द्या.


चाळकरी
मंगळवार, रात्री ९:३०

मंडळी, नोंदवहीत उतरवून घेतोय. दोन प्रश्न.

संचालकांना नकाशा हवाय. नाशिक जिल्ह्याचे पंधरा तालुके, त्यावर रंगानं दर. घ्यावा का?

दुसरं, पान मराठीतच पाहिजे. एक अर्जदार म्हणाला, "मराठी प्रॉब्लेम नाही, गूगल ट्रान्सलेट लावतो." याला बाद करू ना?


विदाविलासी
मंगळवार, रात्री १०:१८

बाद करा. निरोपही मराठीत पाठवा.

नकाशाचं सांगतो. तुमच्याकडे दर आहेत सात बाजारांचे, तालुक्यांचे नाहीत. तालुका रंगवला की तिथल्या सगळ्या गावांना तोच दर मिळतो असं चित्र उभं राहतं, आणि ज्या तालुक्यांत तुमचा बाजार नाही ते पांढरे राहतात. सभासदाला लासलगाव कुठे आहे हे नकाशावर शोधायची गरज नाही, तो झोपेतही जाईल. सात ओळींचा तक्ता करा, दरानुसार उतरता, प्रत्येक ओळीत गेल्या महिन्याची छोटी रेघ. नकाशापेक्षा लवकर वाचला जातो.

पुढेमागे राज्याचा नकाशा करायची वेळ आली तर मात्र उमेदवाराला दोन गोष्टी विचारून बघा. भारताची सीमा कुठून घेणार? परदेशी संकेतस्थळांवरच्या तयार फायलींत जम्मू-काश्मीरची सीमा आपल्या अधिकृत नकाशापेक्षा वेगळी असते, आणि चुकीची सीमा छापणं आपल्याकडे गुन्हा आहे. नेहमी नकाशे करणाऱ्याला हे माहीत असतं. आणि जिल्हे कशावरून जोडणार? नावावरून म्हणाला तर धोका आहे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्याआधीच्या फायलींत ३५ जिल्हे, नंतर ३६. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर यांची नावं बदलली; जुन्या फायलीत एक, नव्या फायलीत दुसरं, आणि इंग्रजी स्पेलिंगचे प्रकार तर विचारू नका. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतले सांकेतिक क्रमांक वापरतो म्हणाला की समजा गडी मुरलेला आहे.


अक्षरजुळारी
बुधवार, सकाळी १०:०५

मराठीचा विषय निघाला म्हणून लॉगिन झालो.

चार्टात मराठी घालणं म्हणजे नुसतं शीर्षक बदलणं नाही. ब्राउझरमध्ये अक्षरं नीट दिसतात, पण पीडीएफ काढायला गेलं की घोळ. जेएस-पीडीएफसारख्या लायब्ररीत जोडाक्षरं जुळत नाहीत, 'सर्वसाधारण' मधला रफार सुटतो आणि 'क्विंटल' ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिबचं दुखणंही बरीच वर्षं हेच. उपाय असतात, ब्राउझरकडूनच पीडीएफ छापून घ्यायचा हा त्यातला सोपा. उमेदवाराला 'पिंपळगाव बसवंत, उन्हाळ कांदा, सर्वसाधारण दर (रुपये प्रति क्विंटल)' एवढा मजकूर चार्टावर टाकून पीडीएफ पाठवायला सांगा. एका पानात निकाल लागेल.

आडव्या अक्षावर बाजारांची नावं तिरपी-उभी फिरवू देऊ नका. मात्रा, वेलांट्या एकमेकांत घुसतात. स्तंभ आडवे करा, नावं डावीकडे सरळ.

आकड्यांत लाख-कोटीचे स्वल्पविराम हवेत, १२,३४,५६७ असे. लायब्ररीत मुळात तीन-तीनचे गट असतात, ते बदलावे लागतात. ब्राउझरला मराठी-भारत ही भाषा दिली की तो गट बरोबर पाडतो आणि आकडेही देवनागरी करतो. सभासदांना देवनागरी आकडे हवेत की इंग्रजी, ते आधीच विचारा. बाजार समितीच्या फलकावर जे असेल ते घ्या, हे माझं मत.

फॉन्ट मुक्त घ्या. मुक्त, म्हणजे फुकट या अर्थानं नाही, 'मुक्ता' नावाचाच आहे. एकटाइप या फॉन्ट करणाऱ्यांचा. फुकटही आहे.


बांधावरून
बुधवार, दुपारी १:४०

अजून एक. रेघ का पडली ते पण लिहा. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली तरी ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्य होतंच. २०१९ च्या सप्टेंबरला बंदी, २०२० च्या सप्टेंबरला परत बंदी. नव्या पोरांना चार्ट बघून वाटेल कांदा आपोआप पडतो.


विदाविलासी
बुधवार, दुपारी २:२५

दादा, तारखांच्या उभ्या खुणा नक्की घाला आणि तारखेसोबत फक्त निर्णय लिहा, 'निर्यातबंदी', 'शुल्क २० टक्के', असं. 'यामुळे दर पडला' हे चार्टानं बोलू नये. डिसेंबरात लाल कांद्याची आवकही वाढत असते, दोन्ही एकत्र घडतं. खालीच आवकेचा चार्ट लावा, तोच आडवा अक्ष धरून, म्हणजे वाचणारा दोन्ही बघेल. एकाच चार्टात डावीकडे दर आणि उजवीकडे आवक असे दोन अक्ष मात्र नकोत, अक्ष ताणून-आकसून हवं ते सिद्ध करता येतं.


बांधावरून
बुधवार, दुपारी २:५०

आवक लाल कांद्याची वाढली म्हणून पडला असं सरकारपण म्हणायचं. पण ठीक आहे, दोन्ही दाखवा, आमचं आम्ही बघू.


चाळकरी
गुरुवार, रात्री ९:००

जाहिरातीचा मसुदा टाकतोय. सुधारा.

"कांदा बाजारभावाचे मराठी, मोबाइलवर चालणारे चार्ट-पान तयार करण्यासाठी डेव्हलपर हवा/हवी. सात बाजारांचे रोजचे आकडे, दोन वाण. दराचा कमी-जास्त पट्टा, आवक, मागील वर्षाशी तुलना, सरकारी निर्णयांच्या तारखा. बंद दिवस बंद म्हणूनच दिसले पाहिजेत. थ्रीडी नको, फिरणारे आकडे नकोत. निवडलेल्या तिघांना सशुल्क चाचणी. अर्जासोबत आपण केलेला एक चार्ट, आणि त्याच कामातला टाकून दिलेला एक, दोन्ही पाठवावेत. कोडचे हस्तांतर लेखी. एक वर्षाची देखभाल."


तिरपी रेघ
गुरुवार, रात्री ९:२२

छान झालीय. बजेट लिहा. 'योग्य मोबदला' वाचून कुणी अर्ज करत नाही, आकडा दिसला की वेळ दोघांचाही वाचतो. आणि देखभालीत नेमकं काय ते लिहा. आकड्यांच्या मूळ पानाची मांडणी बदलली तर किती दिवसांत दुरुस्ती, आणि नवा बाजार जोडायचा झाला तर तो देखभालीत की वेगळ्या पैशात.


खडूफळा
गुरुवार, रात्री ९:४०

रोजचे आकडे भरायला कंपनीचा एक माणूस नेमा आणि डेव्हलपरनं त्याला शिकवून जावं, हेही घाला. आदल्या दिवशीचा दर खाली ओढणारा मुलगा तसाच राहिला तर चार्ट कितीही चांगला करा.


चाळकरी
गुरुवार, रात्री १०:१०

दोन्ही घातलं. बजेट दीड लाख, जास्तीत जास्त. मांडणी बदलल्यास चार दिवसांत दुरुस्ती, नवा बाजार वेगळ्या पैशात. त्या मुलाला बसवतो शिकायला, हाताचा चपळ आहे, फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

खडूफळा सर, जुन्या फायलींसाठी व्यनि केलाय.


बांधावरून
शुक्रवार, सकाळी ६:३५

जुलैच्या आत होईल का? तेव्हा चाळी उघडायला लागतात.


चाळकरी
शुक्रवार, सकाळी ७:१५

तक्ता आणि दराचा पट्टा जूनअखेर, असं करारात घालतोय. मागील वर्षाची तुलना आणि पीडीएफ नंतर आलं तरी चालेल. पहिली आवृत्ती आली की लिंक तुम्हाला आधी पाठवतो, विंचूरच्या आवारात दुपारी उघडून सांगा दिसतंय का.